पोलीस शिपायाच्या पेन्शनीस कात्री लावू नका



या पाक्षिकाच्या पानावर पोलिसांची बाजू मांडलेली पाहून आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळास आठी पडेल. ती पडणे स्वाभाविक आहे. वस्तीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी राहिली म्हणजे आपल्या आयाबहिणी मुलांना आत ओढून घेतात, ते काही उगीच नव्हे. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बी. डी. डी. चाळींत काय घडले ते आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे ठार झाली. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर धरपकड झाली, आणि कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवा, असा आदेश उच्च न्यायालयास पुढे २०२५ च्या जुलैमध्ये द्यावा लागला. यांतले काहीही विसरावे असे मी आपणांस सांगणार नाही. ज्याने कोठडीत माणसाला मारले त्यास शिक्षा झालीच पाहिजे, मग तो शिपाई असो की अधिकारी.

परंतु अपराध्यास शिक्षा करणे ही एक गोष्ट, आणि तीस वर्षे उन्हातान्हात उभे राहिलेल्या माणसाचे म्हातारपणाचे अन्न काढून घेणे ही अगदी वेगळी गोष्ट होय. पहिली न्यायाची आहे, दुसरी अन्यायाची. आणि ही दुसरी गोष्ट आज राजरोस चालली आहे, तीही कायद्याच्या भाषेत, हिशेबाच्या भाषेत, म्हणजे सामान्य माणसाच्या ध्यानातही येऊ नये अशा भाषेत. म्हणून वकील या नात्याने ती उलगडून सांगणे मला अवश्य वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. महाराष्ट्र शासनाच्या वित्त विभागाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी एक निर्णय काढला. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर जो शासकीय नोकरीत लागेल त्यास जुने पेन्शन नाही, असा त्याचा अर्थ. केंद्राने हेच १ जानेवारी २००४ पासून केले होते. त्यातून सैन्यदले तेवढी वगळली. जुन्या पद्धतीत निवृत्त होताना जे मूळ वेतन असेल त्याच्या निम्मी रक्कम दरमहा मिळे, वर महागाईची वाढ मिळे, आणि त्यासाठी नोकराच्या पगारातून एक पैसाही कापला जात नसे. नव्या पद्धतीत शिपायाच्या मूळ वेतनाच्या व महागाई भत्त्याच्या दहा टक्के रक्कम दरमहा कापून घेतात, शासन आपला वाटा घालते आणि ती पुंजी बाजारात गुंतवितात. निवृत्तीच्या दिवशी जे काय साठले असेल त्यातील कमीत कमी चाळीस टक्के रक्कम विमा कंपनीकडे ठेवावयाची आणि ती कंपनी देईल ते वर्षासन घ्यावयाचे. ते किती असेल? ते कोणीच सांगू शकत नाही. बाजार चढला असेल तर बरे, पडला असेल तर नशीब! दर वर्षी भाजीपाला, औषधपाणी, घरभाडे वाढत जाते. साध्या वर्षासनाची रक्कम मात्र महागाईबरोबर वाढत नाही.

यात सर्वांत क्रूर भाग कोणता होता, तर विधवांचा. नोकरीत असताना शिपाई मेला तर त्याच्या बायकामुलांस जुन्या नियमांप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन मिळावयाचे. २००५ नंतरच्या शिपायाच्या पत्नीस ते नव्हते. नवऱ्याच्या नावावर जी थोडीथोडकी पुंजी जमली असेल तीच तिच्या पदरात. संघटनांनी संप केला, गवगवा झाला, तेव्हा कुठे ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने अशा कुटुंबांस कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय खुला झाला. मधली सतरा वर्षे ज्या घरांवर कोसळली त्या घरांनी काय केले असेल याचा विचार आपला आपणच करावा.

पुढे शासनाने थोडे मागे पाऊल घेतले. ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांस २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने जुन्या पेन्शनीचा पर्याय दिला. केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली, आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारण्याचे ठरविले. आता पुन्हा निम्मे वेतन मिळणार, झगडा मिटला, असे वर्तमानपत्रांनी छापले. झगडा मिटलेला नाही. तो कसा मिटलेला नाही ते पाहावयाचे तर अटी वाचल्या पाहिजेत.

केंद्राच्या या योजनेत निम्मे वेतन पुरते हाती पडावयाचे तर पंचवीस वर्षांची नोकरी व्हावी लागते. त्याहून कमी झाली तर त्या प्रमाणात रक्कम कमी. आता हा हिशेब आपल्या घरातील मुलास लावून पाहा. महाराष्ट्रात पोलीस शिपायाच्या भरतीस खुल्या वर्गातील उमेदवारास अठ्ठावीस वर्षांपर्यंत आणि मागासवर्गीयास तेहेतीस वर्षांपर्यंत वयाची मर्यादा आहे. ही पाच वर्षांची सवलत कशासाठी दिली? आपले मूल उशिरा शाळेत जाते, मध्ये शिक्षण सोडून मजुरी करते, पुन्हा परीक्षा देते, दोनदा नापास होते, म्हणून. हे मूल तेहेतिसाव्या वर्षी भरती झाले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, तर नोकरी किती झाली? बरोबर पंचवीस वर्षे. एक महिनाही इकडेतिकडे चालावयाचा नाही. भरतीची यादी न्यायालयात अडकली, नेमणुकीस वर्ष लागले, मधल्या काळात विनावेतन रजा घ्यावी लागली, की त्याचे पेन्शन घटलेच. बाविसाव्या वर्षी भरती झालेल्या मुलास ही अट जाणवणारही नाही. अट सर्वांना एकच, हे खरे. पण ती बोचते कोणाला, हे पाहणाऱ्याने पाहावे. एका हाताने वयाची सवलत द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने तिचे मोल म्हातारपणी वसूल करावयाचे, असा हा व्यवहार आहे.

शिवाय दहा टक्क्यांची कपात तशीच चालू आहे. जुन्या पेन्शनीत ती नव्हती. शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० रुपयांपासून सुरू होते. त्यातून दहावा हिस्सा काढून घेतल्यावर मुलांच्या शाळेस, खोलीच्या भाड्यास, गावाकडच्या म्हाताऱ्या आईस काय उरते, ते ज्याच्या घरी शिपाई आहे त्यास विचारा.

याच्यापुढेही एक संकट आहे आणि त्याचा उच्चार फार थोड्यांनी केला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा ठरविली. तीत आयोगाने शिफारशी करताना कोणकोणत्या गोष्टी ध्यानात घ्याव्या हे सांगितले आहे, आणि त्यांत नोकराच्या वर्गणीविना चालणाऱ्या पेन्शनीचा, ज्यासाठी वेगळा निधी साठविलेला नाही असा, खर्चही आहे. वाक्य साधे दिसते. परंतु ज्याने आयोगांचे अहवाल वाचले आहेत त्यास कळते की कार्यकक्षेत शिरलेला शब्द हा उद्याच्या शिफारशीचा अंकुर असतो. आयोगाने अद्याप काही कापलेले नाही. पण कापावयाचे म्हटल्यास सुरी कोठे ठेवली आहे ते दाखवून ठेवले आहे. आणि केंद्राच्या आयोगामागून राज्ये जातात, हे आपण सातव्या आयोगापर्यंत पाहत आलो आहोत.

त्याआधी मार्च २०२५ मध्ये वित्त विधेयकाबरोबर आणखी एक तरतूद संसदेने संमत केली. केंद्राच्या पेन्शनरांत वर्गवारी करण्याचा, म्हणजे कोण कोणत्या तारखेस निवृत्त झाला यावरून भेद करण्याचा, अधिकार शासनास आहे व तो पूर्वीपासूनच होता असे तीत घोषित केले आहे. चालू पेन्शनीत यामुळे बदल होत नाही, असे अर्थमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले, हेही नमूद केले पाहिजे. पण अधिकार हाती घेतलेला मनुष्य तो वापरणारच नाही, या भरवशावर कायदा चालत नसतो.

ही तरतूद का खटकते ते समजावयास मागे जावे लागेल. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी डी. एस. नाकरा यांच्या खटल्यात निकाल दिला. ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून तिच्या आधीचे पेन्शनर व नंतरचे पेन्शनर असा भेद शासनाने केला होता. न्यायालयाने तो संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाविरुद्ध ठरविला. पेन्शन म्हणजे मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नव्हे, ती केलेल्या सेवेचे मागाहून मिळणारे मोल आहे, असा त्या निकालाचा गाभा. त्याआधी १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात पेन्शन ही मालमत्ता आहे असे ठरलेच होते, आणि मालमत्तेचा मूलभूत हक्क गेल्यावरही २०१३ मध्ये झारखंडच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की ३०० अ या अनुच्छेदाखाली कायद्याच्या आधाराविना ती हिरावता येत नाही.

येथे मी आपणांस फसविणार नाही. नाकरा निकाल हाती घेऊन गेल्याने २००५ नंतरच्या शिपायास न्यायालयातून जुने पेन्शन मिळेलच, असे मी म्हणत नाही. पुढच्या नोकरांसाठी पुढच्या अटी ठरविण्याची मुभा शासनास आहे, असेच न्यायालये सामान्यतः मानतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या जवानांस दिल्ली उच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२३ रोजी जुने पेन्शन द्या असे सांगितले, पण त्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तेव्हा केवळ कोर्टाच्या पायरीवर बसून हा प्रश्न सुटणारा नाही. तो विधिमंडळात व लोकांत सोडवावा लागेल. जे वकील आपणांस याहून अधिक आश्वासन देतील त्यांना फी देण्यापूर्वी दोनदा विचार करा.

आणि लोकांत तो सोडवावयाचा म्हटले तर पोलिसाचे तोंड बांधलेले आहे. शिक्षक संप करतात, तलाठी करतात, परिचारिका करतात. १४ मार्च ते २० मार्च २०२३ या काळात राज्यातील लाखो कर्मचारी जुन्या पेन्शनीसाठी संपावर गेले. त्या संपाचा बंदोबस्त कोणी केला? पोलिसांनी! ज्या मागणीत त्यांचाही घास होता तिच्या मोर्चापुढे ते काठी घेऊन उभे होते. १९६६ च्या पोलीस दले (अधिकारांवर निर्बंध) अधिनियमाप्रमाणे पोलिसाला परवानगीविना संघटना काढता येत नाही, सभेत भाषण करता येत नाही, वर्तमानपत्रात लिहिता येत नाही. संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाने संसदेस असे निर्बंध घालण्याचा अधिकार दिला आहे, आणि शिस्तीसाठी काही निर्बंध अवश्यही आहेत. मुंबईच्या पोलिसांनी १८ ऑगस्ट १९८२ रोजी संप केला, तेव्हा सैन्य बोलवावे लागले आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. (नाकरा निकाल त्याच वर्षाच्या डिसेंबरातला. एकाच वर्षी म्हाताऱ्या पेन्शनरास न्याय मिळाला आणि तरण्या शिपायाचा आवाज गेला.) तर ज्याचा आवाज कायद्यानेच काढून घेतला, त्याच्या हक्काची राखण करण्याचे कर्तव्य ज्यांनी तो काढून घेतला त्यांच्यावर दुप्पट येते. ते कर्तव्य शासन करीत नसेल तर नागरिकांनी बोलावे. मुके राहण्याची सक्ती काय असते, हे आपल्याइतके कोणास ठाऊक?

पण पेन्शनीशी आपला संबंध याहून जुना आणि याहून जवळचा आहे, आणि तो नवदीक्षित कुटुंबांतील तरुणांनी ध्यानात घ्यावा म्हणूनच मी ही लेखणी हाती घेतली.

आपल्या पूर्वजांच्या गळ्यात वतन होते. महार हा गावचा राखणदार, चोराचा माग काढणारा, सरकारी सांगावा पोहोचविणारा, पाटलाच्या हाताखाली रात्रंदिवस राबणारा. आजच्या भाषेत बोलावयाचे तर गावचा बिनपगारी पोलीसच. त्याचे वेतन काय? थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांच्या मर्जीचे बलुते. खळ्यावर हात पसरून उभे राहावयाचे. कुणब्याने घातले तर घातले, रागावला तर हाकलले. म्हातारा झाला तर काठी मुलाच्या हाती द्यावयाची आणि त्याच्या बलुत्यावर जगावयाचे. म्हणून परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. कामाबद्दल रोख व निश्चित वेतन मिळावे, ते कोणाच्या कृपेवर अवलंबून नसावे, हे त्या लढ्याचे मर्म होते. ती वतने कायद्याने जावयास १९५८ चा कायदा यावा लागला.

त्या काळात आपल्यापैकी कोण ताठ उभा राहू शकला? ज्यास सैन्याचे पेन्शन होते तो. कोकणात दापोलीस निवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. पोस्टातून येणाऱ्या पेन्शनीवर त्यांचे घर चाले, म्हणून गावचा पाटील त्यांचे काही बिघडवू शकत नव्हता. गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच, सैन्यातून निवृत्त झालेले. अस्पृश्यतेवर शास्त्राच्या आधारे हल्ला चढविणारे ‘विटाळ विध्वंसन’ त्यांनी १८८८ साली प्रसिद्ध केले, आणि महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा त्याविरुद्ध अर्जाची खटपटही केली. सुभेदार रामजी सकपाळ हेही पेन्शनर. निवृत्त झाल्यावर ते कुटुंब घेऊन दापोलीस आले, मग साताऱ्यास गेले; आणि त्या पेन्शनर बापाच्या घरात भीमराव वाढला, शिकला. आपल्या चळवळीचा पहिला पैसा, पहिली सवड आणि पहिली निर्भयता पेन्शनीतून आली असे मी म्हटले, तर इतिहासाचा अभ्यासक त्यास अतिशयोक्ती म्हणणार नाही.

आणि पोलीस खात्याची दारे? ती आपल्यासाठी उघडी नव्हती. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला, तो सैन्यात व पोलिसांत आमच्या लोकांस घ्या, याकरिता. स्पृश्य अधिकाऱ्याच्या घरी अस्पृश्य शिपाई निरोप घेऊन जाणार कसा, त्याच्याकडून स्पृश्याच्या घराची झडती होणार कशी, असे आक्षेप त्या वेळी घेतले जात. १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब व डॉ. सोळंकी सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालात पोलीस खात्यात अस्पृश्यांची भरती व्हावी अशी शिफारस आहे. एवढ्या खटपटीने दार उघडले. मग धम्मदीक्षेनंतर बौद्धांच्या सवलती बंद झाल्या. महाराष्ट्राने राज्यापुरत्या त्या १९६० नंतर चालू केल्या, आणि केंद्राने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश केला तो १९९० साली. म्हणजे आपली मुले आत शिरून स्थिरस्थावर होतात न होतात, तोच २००५ उजाडले आणि आतल्यांच्या पानातील पेन्शन काढून घेतले. दार उघडावयाचे आणि ताट उचलावयाचे! हे जाणून केले असे मी म्हणत नाही. पण परिणाम काय झाला ते मोजावयास हेतू विचारावा लागत नाही.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकू. तिजोरीत पैसा नाही, हे त्यांचे मोठे म्हणणे. जुनी पेन्शन परत आणल्यास राज्यावर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल व राज्य दिवाळखोरीत जाईल, असे नागपूरच्या अधिवेशनात डिसेंबर २०२२ मध्ये सांगण्यात आले. बोजा आहे, हे मी नाकारीत नाही. ज्यांना हिशेब नाकारावयाचा आहे त्यांच्यात मी नाही. परंतु बोजाची ही काळजी कोणाच्या ताटापाशी येऊन थांबते ते पाहावे. विधानसभेवर एकदा निवडून आलेल्या सभासदास २०१६ च्या सुधारणेनंतर माजी झाल्यावर दरमहा ५०,००० रुपये पेन्शन बांधलेले आहे. त्यासाठी त्याने पंचवीस वर्षे सभागृहात बसावे अशी अट नाही. त्याच्या पेन्शनीचा पैसा बाजारात गुंतवून तेजीमंदीवर सोडावा, असेही कोणी सुचविले नाही. जी योजना शिपायाला इतकी हितकारक सांगितली जाते, ती सांगणाऱ्यांनी आधी स्वतःस लावून घ्यावी.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. आपल्या समाजात बहुसंख्य लोक भूमिहीन मजूर. त्यांस पेन्शन कसले? निराधार म्हातारीस संजय गांधी योजनेतून महिना दीड हजार रुपये मिळतात, तेही तहसीलच्या दहा खेपा घालून. मग सरकारी पगार घेणाऱ्यासाठी आपण का झगडावे? प्रश्न रास्त आहे. दीड हजारात म्हातारी जगत नाही, आणि ती रक्कम वाढली पाहिजे यासाठी या पाक्षिकाने लिहावे तितके थोडेच. पण शिपायाचे पेन्शन कापले म्हणून त्या म्हातारीचे दीड हजार वाढले आहेत काय? वीस वर्षांचा अनुभव समोर आहे. वरच्या पायरीवरच्याचे ओढून घेतले की ते खालच्या पायरीवरच्यास मिळते, ही समजूत भाबडी आहे. उलट सरकारी नोकरालाच म्हातारपणाची हमी नाही असे एकदा रूढ झाले, म्हणजे मजुराने ती कोणत्या तोंडाने मागावी? बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात विमा हा सर्वस्वी राज्याच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा विमा सक्तीने उतरवावा, असे सुचविले होते. खाली असलेल्यास वर आणावयाचे, आणि जोखीम राज्याने पत्करावयाची, ही त्यांची दिशा. २००५ ची दिशा नेमकी उलटी आहे: जोखीम राज्याच्या खांद्यावरून काढून शिपायाच्या खांद्यावर टाकली.

आणि आपल्या घरांचा व्यवहारही ध्यानात घ्या. आपल्यात एका पेन्शनीवर एक घर चालत नाही. भावाच्या मुलाची वसतिगृहाची फी, विधवा बहिणीचे औषध, गावच्या विहाराची वर्गणी, सगळे त्यातूनच जाते.

तिसरे म्हणणे असे की पोलीस लाच खातात, त्यांना पेन्शन कशाला. येथे एक कायदेशीर गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम २७ प्रमाणे, सेवेत गंभीर गैरवर्तन केल्याचे चौकशीत वा न्यायालयात सिद्ध झाल्यास शासन पेन्शन रोखू वा काढून घेऊ शकते. म्हणजे जुने पेन्शन हे नुसते अन्न नव्हते, तो शिपायावर कायद्याचा लगामही होता. कोठडीत हात उचलताना अठ्ठावन्नाव्या वर्षाचा विचार मनात यावा, यासाठी अठ्ठावन्नाव्या वर्षी गमावण्याजोगे काही त्याच्यापाशी असले पाहिजे. ज्याचे पुढचे अन्न निश्चित नाही तो आजच गाठीला बांधावयास पाहतो. कमी पगाराचा, असुरक्षित पोलीस गरिबास अधिक नाडतो, श्रीमंतास नव्हे. त्याच्या हाती पडणारे आपण आहोत.

काही उपासकांनी मला विचारले की, हातात काठी-बंदूक घेण्याची नोकरी सम्यक् आजीविकेत बसते काय. तो विषय भिक्खुसंघाने विवरावा. माझा अधिकार नाही. पण भगवान बुद्धांनी राजाच्या सेवकांविषयी काय सांगितले ते दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात पाहावे. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढले असता फाशी आणि बेडी यांनी ते थांबत नाहीत. शेतकऱ्यास बी, व्यापाऱ्यास भांडवल आणि राजसेवकांस अन्न व वेतन द्यावे म्हणजे ते थांबतात, असा सल्ला तेथे राजाला दिलेला आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगताना ताकदीप्रमाणे काम देणे, पुरेसे अन्न-वेतन देणे आणि सेवक आजारी पडल्यास शुश्रूषा करणे ही सांगितली आहेत. ज्यांनी धम्म स्वीकारला त्यांस पेन्शनीचा प्रश्न धम्माबाहेरचा वाटण्याचे कारण नाही.

तर करावयाचे काय? पोलिसाने स्वतः सभेत येऊ नये. १९६६ चा कायदा त्यास बाधेल, नोकरी जाईल. त्याच्या पत्नीस, आईस, मुलास आणि शेजाऱ्यास तो कायदा लागू नाही. विहारातील येत्या पौर्णिमेच्या सभेत ठराव करा, आमदारास पाठवा आणि त्याची पोच घ्या. ठरावाची भाषा संयमाची ठेवा: पोलिसांस काम सोडावयास वा हुकूम मोडावयास लावणारा एकही शब्द त्यात नसावा, कारण १९२२ चा पोलिसांत अप्रीती पसरविण्याविरुद्धचा कायदा अजून पुस्तकात आहे. मागणी साधी असावी: २००५ नंतरच्या शिपायास वर्गणीविना निम्म्या वेतनाचे, महागाईशी जोडलेले पेन्शन; तेहेतिसाव्या वर्षापर्यंत भरतीस पात्र ठरविलेल्यांना सेवेच्या वर्षांच्या अटीत तितकीच सूट; आणि आठव्या आयोगाचे निमित्त करून चालू पेन्शनीस हात न लावण्याची लेखी हमी.

दुसरे काम घरचे आहे, आणि त्याची हेळसांड मी वकिलीत फार पाहिली. दीक्षेनंतर आपण नावे बदलतो, हे चांगलेच. पण नवऱ्याच्या सेवापुस्तकात पत्नीचे नाव सखूबाई, आधारपत्रावर सुजाता, आणि बौद्ध पद्धतीने झालेल्या लग्नाची नोंद कोठेच नाही, अशी विधवा कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कचेरीत गेली म्हणजे वर्षानुवर्षे हेलपाटे घालते. हिंदू विवाह कायदा बौद्धांसही लागू आहे. लग्नाची नोंदणी करून दाखला घ्या. नाव बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून त्याची प्रत सेवापुस्तकास जोडा. नामनिर्देशनाचा अर्ज लग्नापूर्वी भरला असेल तर त्यात अजून आईचेच नाव असेल, तो नव्याने भरा. आणि सेवापुस्तकाची एक प्रत घरी, पत्नीच्या हाताशी ठेवा, कपाटाच्या किल्लीसकट.